जुन्या मोटारीच्या दिव्यांतील बिघाड शोधताना

मोटारीचा दिवा पेटतो तेव्हा बॅटरीतून निघालेला प्रवाह दिव्यापर्यंत पोचतो आणि दिव्यातून पुन्हा बॅटरीकडे परततो. जायची वाट तांब्याच्या तारेची असते. परतीची वाट मात्र बहुतेक मोटारींत वेगळ्या तारेने नसून गाडीच्या पत्र्यातून असते. गॅरेजच्या भाषेत हीच ‘बॉडी अर्थ’. या पूर्ण फेऱ्यात फ्यूज, स्विच, तारांचे सांधे, बल्बचे होल्डर आणि पत्र्याला घट्ट बसवलेले स्क्रू अशी पंधरा-वीस जोडस्थाने सहज येतात. गाडी नवी असताना ती सगळी चकचकीत असतात. चाळीस-पन्नास पावसाळ्यांनंतर प्रत्येक जोडावर गंजाचा किंवा हिरवट क्षाराचा थर बसतो आणि प्रत्येक जोड थोडे थोडे व्होल्टेज खातो. म्हणून जुन्या गाडीच्या दिव्याची तक्रार आली की बल्ब बदलून पाहण्याआधी ही वाट तपासणे शहाणपणाचे ठरते. तार मधेच तुटण्याचे प्रसंग फार थोडे. बिघाड बहुधा सांध्यात सापडतो.

भारतात जुन्या मोटारी सांभाळणाऱ्यांकडे दोन कुळांची वायरिंग आढळते. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून हिंदुस्तान मोटर्सने १९५७ साली ॲम्बॅसडर आणली आणि पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४ पर्यंत तयार होत होती. ॲम्बॅसडर, मॉरिस मायनर, मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड या ब्रिटिश वंशाच्या गाड्यांची विजेची मांडणी बर्मिंगहॅमच्या ल्यूकास कंपनीच्या पद्धतीची. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेल्या फियाट ११०० आणि पद्मिनी इटालियन मांडणीच्या. त्यांना ल्यूकासचा नकाशा लावून चालत नाही. पुढचे विवेचन मुख्यतः ल्यूकास पद्धतीला धरून आहे, पण शोधाची रीत दोन्ही कुळांना एकच लागू पडते.

ल्यूकास पद्धतीत तारेचा रंग तिचे काम सांगतो. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून येणारा मुख्य पुरवठा. पांढरी तार इग्निशन चालू केल्यावर जिवंत होते, तर हिरवी तार तोच पुरवठा फ्यूजमधून पुढे नेते. जांभळी तार फ्यूजमधून येते आणि कायम जिवंत असते. निळा रंग हेडलाइटचा: निळ्यावर पांढरी रेघ असेल तर अपर, लाल रेघ असेल तर डिपर. पार्किंग आणि टेललाइट लाल तारेवर, ब्रेकलाइट हिरव्या-जांभळ्या तारेवर, इंडिकेटर डावीकडे हिरव्या-लाल आणि उजवीकडे हिरव्या-पांढऱ्या तारेवर. काळी तार अर्थची. एवढे पाठ असले तर नकाशा न उघडता अर्धी गाडी वाचता येते. अडचण अशी की आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत मूळ रंग जागोजाग हरवलेले असतात. रस्त्यावर गाडी बंद पडली, जवळच्या वायरमनकडे पिवळी तार शिल्लक होती, तिने काम भागवले, असे तुकडे जमत जातात. जुन्या रबरी आवरणावर सुती वेष्टण असलेल्या तारांत रंग मळून सगळे एकाच करड्या छटेचे झालेले असतात. सांध्याच्या बाहीत लपलेला भाग पुसला तर खरा रंग दिसतो. रंगावर विश्वास ठेवावा, पण प्रत्येक तार मोजून तिची खात्री करून घ्यावी.

हात लावण्यापूर्वी अर्थकडचे बॅटरी टर्मिनल सोडवण्याची आणि बोटातील अंगठी, मनगटावरचे धातूचे कडे काढून ठेवण्याची सवय हवी. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हेडलाइटच्या मंडलाला फ्यूजच नसे. मॉरिस मायनरमध्ये डॅशबोर्डमागे पान्याचे टोक चुकून तपकिरी तारेच्या टर्मिनलला आणि पत्र्याला एकदम लागले, तर बॅटरीचा सगळा जोर त्या तारेतून वाहतो आणि आवरण जळायला काही सेकंद पुरतात. दुसरी गोष्ट, बॅटरीचे कोणते टोक पत्र्याला जोडले आहे ते आधी पाहावे. ब्रिटिश गाड्यांत बराच काळ, म्हणजे साठच्या दशकापर्यंत, पॉझिटिव्ह टोक अर्थला असे. साध्या बल्बला याने काही फरक पडत नाही; मल्टिमीटर फक्त उणे आकडा दाखवतो. पण एलईडी, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर किंवा ट्रान्झिस्टर रेडिओ उलट जोडला तर तो जागीच निकामी होतो.

मोजमाप करण्यापूर्वी लक्षणांची छाननी करावी, कारण निम्मा शोध तिथेच संपतो. नेमके कोणते दिवे बिघडले आहेत आणि त्यांच्या वाटेत सामाईक काय आहे, एवढाच प्रश्न विचारायचा असतो. एकाच बाजूचा हेडलाइट मंद असेल तर दोष त्या दिव्याच्या अलीकडच्या सांध्यात किंवा त्याच्या अर्थमध्ये. दोन्हीकडचा अपर गेला आणि डिपर व्यवस्थित असेल तर संशय पायाच्या डिपर स्विचवर. अपर-डिपर दोन्ही गेले, पण पार्किंग लागते, तर डॅशबोर्डवरचा मुख्य स्विच किंवा त्यातून निघणारी निळी तार. सगळेच दिवे आणि हॉर्न यांचा पत्ता नसेल तर बॅटरीची टर्मिनले आणि मुख्य पुरवठा. ब्रेकलाइट आणि इंडिकेटर एकदम गेले, शिवाय पेट्रोलचा काटाही खाली बसला, तर इग्निशनकडचा फ्यूज. ल्यूकासच्या दोन फ्यूजांच्या डबीत ही सगळी मंडळी एकाच काचनळीवर अवलंबून असतात.

त्या काचनळीविषयी एक बाब फार थोड्यांना ठाऊक असते. ल्यूकासच्या जुन्या फ्यूजवर ३५ हा आकडा असतो तो फ्यूज वितळण्याचा. सतत वाहता येण्याजोगा प्रवाह त्याच्या निम्मा, सुमारे १७ अँपिअर. आधुनिक फ्यूजवरचा आकडा मात्र सतत वाहणाऱ्या प्रवाहाचा असतो. आकडा जुळतो म्हणून आजचा ३५ अँपिअरचा फ्यूज तिथे बसवला तर संरक्षण दुपटीने सैल होते आणि फ्यूजआधी तार जळते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवण्याची जुनी युक्ती तर गाडी पेटवण्याला निमंत्रणच.

आता मोजमाप. मल्टिमीटर घेऊन दिव्याच्या होल्डरपाशी १२ व्होल्ट दिसले की तार ठीक आहे असा निष्कर्ष काढणे, ही या कामातली सर्वांत मोठी फसगत. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यातून वाहणारा प्रवाह नगण्य. तारेच्या सगळ्या धाग्यांपैकी एकच केसाएवढा धागा शाबूत राहिला असला, किंवा सांध्यावर गंजाचा जाड थर असला, तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब लावून ५ अँपिअर मागितले की तोच सांधा कोलमडतो. म्हणून मोजायचे ते दिवा जोडलेला आणि पेटलेला असतानाच. अशा वेळी वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर किती व्होल्ट गळतात हे पाहिले की दोषाची जागा आपोआप कळते.

एका उदाहरणाने ही रीत स्पष्ट होईल. ४५ वॅटचे दोन हेडलाइट अपरवर लावले, इंजिन बंद आहे. दोघांना मिळून साधारण साडेसात अँपिअर हवेत. बॅटरीच्या दोन खांबांवर १२.३ व्होल्ट मिळाले आणि बल्बच्या दोन टोकांमध्ये १०.१. म्हणजे वाटेत २.२ व्होल्ट हरवले. हे शोधण्यासाठी मीटरची एक सळई बॅटरीच्या पुरवठ्याकडील खांबावर ठेवून दुसरी पुढे पुढे सरकवत न्यायची. मुख्य स्विचच्या आत जाणाऱ्या टर्मिनलवर ०.३ व्होल्टचा फरक दिसतो. स्विचच्या दोन टर्मिनलांमध्ये ०.६, डिपर स्विचच्या आरपार ०.७, उरलेल्या तारा आणि सांध्यांत ०.२. शेवटी एक सळई हेडलाइटच्या धातूच्या कवचावर आणि दुसरी बॅटरीच्या अर्थ खांबावर ठेवली की ०.४. बेरीज २.२. कुठे काम करायचे हे आता बोट ठेवून सांगता येते: दोन स्विच आणि अर्थ. पुरवठ्याच्या संपूर्ण बाजूला अर्धा व्होल्ट आणि अर्थच्या बाजूला ०.१ ते ०.२ व्होल्ट गळती चालवून घ्यावी. त्याहून अधिक नाही.

हा हिशेब इतका चोखपणे करण्याचे कारण तंतूच्या बल्बचा स्वभाव. व्होल्टेज कमी झाले की प्रकाश त्याच प्रमाणात कमी होत नाही, कितीतरी वेगाने घसरतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो; वीस टक्क्यांनी उतरले तर निम्म्याहूनही कमी उरतो. वरच्या उदाहरणातल्या गाडीचे दिवे जवळजवळ अर्ध्या तेजाने जळत असतात, आणि मालक मात्र जुन्या गाड्यांचे दिवे असेच असतात म्हणून समाधान मानतो. रात्रीच्या घाटरस्त्यावर हे समाधान धोक्याचे आहे. गळालेली शक्तीही कुठे नाहीशी होत नाही: डिपर स्विचमध्ये ०.७ व्होल्ट आणि सात-साडेसात अँपिअर म्हणजे सुमारे ५ वॅट उष्णता, एका पार्किंग बल्बएवढी, आणि तीही डाळीएवढ्या संपर्कबिंदूवर. दिवे दहा मिनिटे लावून ठेवल्यावर हाताला गरम लागणारा स्विच किंवा सांधा हाच दोषी, असे मीटरशिवायही ओळखता येते.

परतीच्या वाटेचे दोष सर्वांत चकवणारे असतात. ब्रेक दाबला की टेललाइट विझते, इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच तालावर मिचकावतो, दिवे बंद असताना ब्रेकवर पाय ठेवला की पुढचे पार्किंग दिवे मिणमिणतात, अशा तक्रारी ऐकून नवखा वायरमन तारांची अदलाबदल झाली असे समजतो आणि गाडीची वायरिंग उपसायला घेतो. खरे कारण साधे आहे. मागच्या दुतंतू बल्बमध्ये २१ वॅटचा ब्रेकचा आणि ५ वॅटचा टेलचा तंतू असतो आणि दोघांची अर्थची बाजू एकच, म्हणजे बल्बचे पितळी कवच. होल्डरचा पत्र्याशी संपर्क तुटला की ब्रेकच्या तंतूतून आलेल्या प्रवाहाला घरी जायला वाट उरत नाही. मग तो ५ वॅटच्या तंतूतून उलटा शिरतो, टेललाइटच्या लाल तारेत येतो आणि दुसऱ्या बाजूच्या टेललाइटमधून, पुढच्या पार्किंग दिव्यांमधून अर्थ गाठतो. म्हणूनच ज्या दिव्यांचा ब्रेकशी संबंध नाही तेही मंद उजळतात. खात्री करण्यासाठी एक तार थेट बॅटरीच्या अर्थ खांबाला जोडून तिचे दुसरे टोक संशयित दिव्याच्या कवचाला टेकवावे. सगळे तत्क्षणी सुरळीत झाले तर तपास संपला.

अर्थ तुटण्याचे एक कारण गंज आणि दुसरे, कमी संशयाचे, नवा रंग. हौसेने पूर्ण पत्रा खरवडून रंगवलेल्या गाडीत दिव्याची बैठक, स्क्रूचे भोक आणि कडा यांच्यावर प्रायमर आणि रंगाचे थर चढलेले असतात. स्क्रू घट्ट आवळला तरी धातूला धातू भिडत नाही. सगळी दुरुस्ती नुकतीच झालेली असूनही दिवे लागत नाहीत, याचे उत्तर बहुधा एवढेच. मुंबईच्या आणि कोकणाच्या खाऱ्या, दमट हवेत या जागा आणखी लवकर बिघडतात, आणि डिकीच्या झाकणाचे रबर गेले असेल तर पावसाचे पाणी थेट टेललाइटच्या पाठीवर ठिबकते. जोडाच्या जागी रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालावा आणि जोडल्यावर वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. शक्य तिथे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र काळी तार देऊन ती एका भरवशाच्या जागी पत्र्याला जोडणे अधिक टिकाऊ. इंजिन आणि चासी यांच्यामधली वेणीसारखी अर्थ पट्टीही पाहावी; ती तुटली तर स्टार्टरचा प्रवाह चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते.

ल्यूकासचे सांधे गोळीसारखे असतात: तारेच्या टोकाला पितळी गोळी, दोन गोळ्या एका नळीत दोन्हीकडून घुसवलेल्या, वर काळी रबरी बाही. नळीची पकड सैल होते आणि आत हिरवा क्षार साठतो. रेडिएटरच्या जाळीमागचे सांधे रस्त्यावरच्या पाण्याच्या माऱ्यात असल्याने आधी जातात. ते सांधे सोडवून घासण्यापेक्षा नळ्या बदलणे स्वस्त पडते. पायाचा डिपर स्विच चिखल आणि ओले बूट सोसत जमिनीवर बसलेला असतो. तो उघडून संपर्क काचकागदाने घासता येतात, पण झिजलेल्या स्प्रिंगला उपाय नाही. मुख्य स्विचबाबत घासण्याचा खटाटोप करण्यापेक्षा त्यावरचा भार कमी करणे बरे. त्याविषयी पुढे येईलच.

डायनॅमो असलेल्या गाडीच्या दिव्यांचे वागणे आल्टरनेटरच्या गाडीसारखे नसते आणि त्यात दोष शोधत बसू नये. ल्यूकासचा सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तोही इंजिन वेगात असताना. सिग्नलला गाडी थांबून इंजिन मंद झाले की तो जवळजवळ काहीच देत नाही, दिवे बॅटरीवर येतात आणि थोडे उतरतात. ॲक्सिलरेटर दाबताच ते उजळले तर ते स्वाभाविक आहे. मात्र वेग वाढवल्यावर दिवे गरजेपेक्षा जास्त प्रखर होऊन बल्ब वारंवार उडत असतील, तर रेग्युलेटर तपासायला हवा.

ब्रेकलाइटचा स्विच बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत पेडलपाशी नसतो. तो ब्रेकच्या तेलाच्या नळीत बसवलेला आणि तेलाच्या दाबाने जुळणारा असतो. तो म्हातारा झाला की हलका ब्रेक लावल्यावर दिवा लागत नाही, जोरात दाबल्यावरच लागतो; मागच्या वाहनाच्या दृष्टीने हा गंभीर दोष. इग्निशन चालू ठेवून स्विचच्या दोन तारा एकमेकींना टेकवाव्यात. दिवे लागले तर स्विच बदलावा, आणि तो काढताना तेलात हवा शिरली असेल तर ब्रेक ब्लीड करावेत. इंडिकेटरचा जुना फ्लॅशर तापणाऱ्या तारेवर किंवा पट्टीवर चालतो आणि २१ वॅटच्या दोन बल्बांचा भार गृहीत धरून बनवलेला असतो. एक बल्ब गेला किंवा अर्थ खराब झाला की प्रवाह बदलतो आणि उघडझापेची चाल बिघडते किंवा ती थांबते. त्यामुळे फ्लॅशर फेकण्याआधी चारही बल्ब पाहावेत. तिथे एलईडी बल्ब लावले तर भार इतका घटतो की जुना फ्लॅशर चालतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो, आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल तर त्यासाठी योग्य असाच.

फ्यूज लावताक्षणी उडतो तेव्हा शोध उलट दिशेने करायचा: प्रवाह अडतो कुठे हे न पाहता, तो पळतो कुठे हे पाहायचे. एकामागून एक फ्यूज जाळण्याऐवजी फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब दोन तारांनी जोडावा. पुढे थेट शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ शकत नसल्याने तारांना इजा होत नाही. मग त्या फ्यूजवरच्या शाखा एकेक सोडवत जावे. जी सोडवल्यावर बल्ब विझतो किंवा एकदम मंद होतो, ती दोषी. शॉर्ट मधूनच होत असेल तर बल्बकडे लक्ष ठेवून तारांचा जुडगा हलवत जायचे. जिथे तारा पत्र्याच्या भोकातून जातात आणि रबराची कडी झिजलेली असते, डिकीच्या बिजागरीपाशी जिथे त्या रोज वाकतात, स्टिअरिंगच्या नळीत, आणि उंदरांनी कुरतडलेल्या सीटखाली, या जागा आधी पाहाव्यात.

दुरुस्तीत तारेच्या जाडीचा हिशेब टाळता येत नाही. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम. पाच मीटर लांबीतून १० अँपिअर नेले तर जवळपास ०.९ व्होल्ट तारेतच जातात. २ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ही गळती निम्मी होते. हेडलाइटला त्याहून बारीक तार कधीच लावू नये, आणि घरगुती वायरिंगची एकसंध कडक तार तर मोटारीत कुठेच नको, ती कंपनांनी तुटते. पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा हा पुढच्या बिघाडाची पेरणी आहे. मूळ रंगाची तार मिळत असताना दुसरी वापरू नये. पुढे गाडी हाती घेणाऱ्याला ती वाचता आली पाहिजे.

६०/५५ वॅटचे एच-४ बल्ब बसवायचे असतील तर दोघांचा मिळून १० अँपिअर प्रवाह जुन्या स्विचमधून नेणे अन्यायाचे आहे. अपरसाठी एक आणि डिपरसाठी एक रिले बसवावा. बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला, ८७ मधून दिव्यांना, आणि डिपर स्विचची जुनी तार ८६ ला, ८५ अर्थला. जुन्या स्विचमधून आता केवळ रिलेच्या गुंडाळीचा, एका अँपिअरच्या पाचव्या भागाहूनही कमी प्रवाह जातो, तो आणखी वर्षानुवर्षे टिकतो, आणि मूळ वायरिंग न कापता ही सगळी जोडणी कधीही काढता येते. हेडलाइटना मुळात नसलेले फ्यूजही यातच मिळतात. डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळे फ्यूज दिले तर एक उडाल्यावर रस्ता पूर्ण अंधारात जात नाही.

व्होल्टेज पूर्ण मिळू लागल्यावर दिव्यांची दिशा पुन्हा लावावी लागते, कारण मंद असताना न जाणवलेली चूक आता समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जाते. गाडी सपाट जागी, नेहमीच्या भारासह, टायरमधली हवा बरोबर करून भिंतीसमोर उभी करावी आणि डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा थोडी खाली येईल असे स्क्रू फिरवावेत. परदेशातून आलेल्या डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत डिपरचा झोत उजवीकडे झुकणारा असतो, म्हणजे आपल्या रस्त्यावर नेमका समोरच्या वाहनाकडे. तो दोष स्क्रूने जात नाही. तिथे डावीकडे झुकणारी काच किंवा सात इंची दुसरा दिवाच बसवावा लागतो.